दिवाळसणाचे घड्याळ

नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ सालापासून नोटा छापल्या जातात, आणि त्या नोटा मोजण्यात माझी बँकेतील ३४ वर्षे गेली. एवढ्या सहवासानंतर कोणत्या वस्तूला किती मोजावे हे मला कळायला हवे होते. पण गेल्या महिन्यात मेन रोडवरील एका दुकानात १८,००० रुपयांच्या घड्याळापुढे मी पाऊण तास उभा राहिलो, आणि ते घ्यावे की घेऊ नये हे काही माझ्याने ठरवेना. दुकानदार सज्जन होता. त्याने दोनदा चहा विचारला. शेवटी ‘विचार करून सांगतो’ असे म्हणून मी बाहेर पडलो. तो विचार पुढे आठपंधरा दिवस चालला. तोच येथे मांडतो. कारण या दिवाळीत माझ्यासारखे अनेक सासरे त्याच काचेपुढे उभे असतील.

प्रसंग दिवाळसणाचा. धाकट्या मुलीचे लग्न गेल्या वैशाखात झाले. जावयाची ही पहिली दिवाळी. आमच्याकडे जावयाला घड्याळ देण्याची रीत आहे. माझ्या सासऱ्यांनी १९८४ साली मला दिलेले एच. एम. टी.चे किल्लीचे घड्याळ अजून माझ्या मनगटावर आहे. तेव्हा मी सहज विषय काढला, तर मुलगी म्हणाली, “बाबा, साधं घड्याळ तो घालणार नाही. स्मार्टवॉच बघा. दिसायलाही छान असतं.”

येथवर ठीक होते. पण दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. त्यांचे यजमान ऐन बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्या म्हणाल्या, “त्या घड्याळात छातीचे ठोके समजतात म्हणे. तेवढं याच्या हातात असलं म्हणजे मला घोर नाही.”

या एका वाक्याने सगळी गोष्टच बदलली. शोभेची वस्तू महाग की स्वस्त हा प्रश्न हसतखेळत सोडवता येतो. एका आईचा घोर ती वस्तू खरोखर वाहील काय, हा प्रश्न तसा नाही.

पुस्तक न वाचता त्यावर अभिप्राय देणाऱ्या परीक्षकांना मी आजवर नावे ठेवीत आलो. तेव्हा पुतण्याकडून त्याचे, साधारण त्याच किमतीचे, घड्याळ आठ दिवसांसाठी मागून आणले आणि आपले एच. एम. टी. कपाटात ठेवले.

प्रथम रूप. रूपाच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. काळीशार काच, कडेला बारीक पोलादी कड, मऊ पट्टा. आणि तबकडी तर हवी तेव्हा बदला. सकाळी रोमन आकडे, दुपारी नुसते दोन काटे, संध्याकाळी नातवंडाचे छायाचित्र. आमची सौ. म्हणाली, “एवढ्या साड्या माझ्याजवळ नाहीत.” एकच उणे आढळले. हात वर केल्याशिवाय हे घड्याळ डोळा उघडत नाही. शेजारच्याने आपल्या मनगटाकडे नुसती नजर टाकून वेळ पाहावी, ही जुनी सोय त्यात नाही. तबकडी सदैव जागी ठेवण्याची युक्ती आहे, पण मग चार्जिंग लवकर संपते.

दुसरा गुण अचूकपणाचा. माझे एच. एम. टी. दिवसाला मिनिटभर मागे पडते. हे घड्याळ मोबाइलकडून वेळ घेते, त्यामुळे चुकायचे कारणच नाही. पण खरे सांगायचे तर मिनिटभराच्या फरकाने माझे कधी काही बिघडले नाही. भारतीय प्रमाण वेळ १९०६ साली ठरली, तरी मुंबईत तिच्या ३९ मिनिटे मागे असणारा ‘मुंबई टाईम’ १९५५ पर्यंत नांदत होता. सूर्याला विचाराल तर आमच्या नाशिकला बारा अजूनही सुमारे ३५ मिनिटे उशिराच वाजतात. शिवाय अचूकपणा आता मुळीच महाग राहिलेला नाही. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा गारेचा स्फटिक चारपाचशे रुपयांच्या घड्याळातही तितकेच इमानाने काम करतो. म्हणजे १८,००० रुपये वेळेसाठी नाहीत, हे नक्की.

मग ते कशासाठी? दुकानदार म्हणाला होता, आरोग्यासाठी. त्या आरोग्याचा पहिला अध्याय म्हणजे पावले. रोज १०,००० चालावे असा या घड्याळाचा आग्रह असतो. हा आकडा एखाद्या वैद्याने काढला असेल असे मला वाटे. तो आला १९६५ सालच्या एका जपानी पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होता. विकण्यासाठी काढलेला गोल आकडा पुढे पथ्य होऊन बसला! तरीही माझा अनुभव असा की त्या आकड्याच्या भिडेने मी गोदापार्कवर रोज अर्धा तास अधिक चाललो. ही जमेची बाजू आहे, ती नाकारू नये. मात्र गुरुवारच्या भजनात मी एका जागी बसून टाळ वाजवले, त्याचीही त्याने पावले धरली. माणूस बसल्या जागी पंढरीला पोचला असता.

झोपेचा हिशेब मात्र मला मानवला नाही. एके दिवशी छान झोप झाली म्हणून ताजातवाना उठलो, तर घड्याळ म्हणाले झोप बरी नव्हती. पुढचा सगळा दिवस मी उगीच जांभया देत काढला.

आणखी एक गोष्ट, जी त्याच्या कोणत्याही जाहिरातीत सापडायची नाही. आपल्याकडे पाहुणा बसलेला असताना यजमानाने घड्याळ पाहिले की त्याचा अर्थ ‘आता उठा’ असा होतो. हे घड्याळ प्रत्येक निरोपाला मनगटाला चिमटा काढते, आणि नजर खाली जातेच. माझे जुने बँकेतले स्नेही परवा आले होते. तीनदा मी मनगटाकडे पाहिले. चौथ्यांदा पाहिले तेव्हा ते जोडे घालत होते. निरोपांची ही कळ बंद करता येते हे मला पुतण्याने नंतर सांगितले. स्नेही अजून आलेले नाहीत.

आता मुख्य गोष्ट, छातीच्या ठोक्यांची. घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातील रक्त क्षणभर वाढते, तेवढा परत येणारा प्रकाश कमी होतो. या चढउतारावरून नाडीचा आकडा निघतो. पांडवलेणीच्या पायऱ्या चढून गेल्यावर मी बोटांनी नाडी मोजून पाहिली, तेव्हा दोन्ही हिशेब जवळजवळ जुळले. म्हणजे घड्याळ खोटे बोलत नाही. पण ते बोलते केवळ नाडीविषयी.

याच्या वरच्या पायरीची घड्याळे आहेत. ॲपलने २०१८ साली हृदयाचा आलेख काढणारे घड्याळ आणले. दुसऱ्या हाताचे बोट त्याच्या कळीवर ३० सेकंद ठेवायचे, की आलेख उमटतो. रुग्णालयातील आलेख बारा बाजूंनी हृदय पाहतो, हा एका बाजूने. तरीही हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा एक विशिष्ट विकार, ज्यातून पुढे पक्षाघात संभवतो, तो यात सापडू शकतो. ही लहान गोष्ट नव्हे. मात्र अशा घड्याळाची किंमतही तशीच. २०२४ साली आलेल्या त्याच्या दहाव्या मालिकेची किंमत आपल्याकडे ४६,९०० रुपयांपासून सुरू होत होती. आणि एवढे करूनही हृदयविकाराचा झटका या घड्याळाला ओळखता येत नाही. तसे ती कंपनी स्वतःच सांगते.

विहीणबाईंना हवे होते ते नेमके हेच, आणि नेमके हेच मिळत नाही. दुकानातील १८,००० रुपयांच्या घड्याळात तर तो आलेखही नव्हता. नाडीचा आकडा होता आणि त्यावर एक लाल बदाम रंगवला होता. मला भीती वाटली ती येथे. छातीत कळ आली असताना माणसाने मनगटाकडे पाहावे, तेथे ७६ हा निरोगी आकडा दिसावा, आणि ‘पित्त असेल’ म्हणून त्याने कूस बदलावी! खोटा धीर हा काही वेळा घोरापेक्षा वाईट असतो. सुई न टोचता रक्तातील साखर सांगतो म्हणणाऱ्या घड्याळांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना सावध केले, तेही याच कारणासाठी.

राहिला प्रश्न आयुष्याचा, माणसाच्या नव्हे, घड्याळाच्या. ॲपलने २०१५ साली आपले पहिले घड्याळ काढले तेव्हा त्याची एक आवृत्ती अठरा कॅरट सोन्याची होती, आणि तिची किंमत अमेरिकेत १०,००० डॉलरांपासून पुढे. सोने ते सोनेच. पण आतले यंत्र साध्या आवृत्तीतलेच होते. २०१८ मध्ये नव्या आज्ञावल्या त्या यंत्राला मिळेनाशा झाल्या, आणि २०२३ मध्ये कंपनीने ते कालबाह्य म्हणून जाहीर केले. आमच्या सराफ बाजारात कोणी असे सोने विकले असते तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडणे कठीण झाले असते. ‘टॅग ह्युअर’ ही स्विस पेढी अधिक प्रामाणिक निघाली. तिने २०१५ साली १,५०० डॉलरांचे हुशार घड्याळ काढले आणि गिऱ्हाइकाला सांगितले की दोन वर्षांनी हे आणा, वर आणखी १,५०० डॉलर द्या आणि काट्यांचे यांत्रिक घड्याळ घेऊन जा. आपल्या मालाचे आयुष्य विकणाऱ्यानेच इतके स्पष्ट सांगितल्यावर परीक्षकाला काय उरते?

पेबल नावाचे घड्याळ तर लोकांनी वर्गणी भरून जन्माला घातले. २०१२ साली एक कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमली. २०१६ साली कंपनी बुडाली, आणि २०१८ मध्ये तिच्या मागची सेवाही थांबली. फॉसिल या नावाजलेल्या नावाने २०२४ च्या जानेवारीत या धंद्यातून अंग काढून घेतले.

कोणी म्हणेल, एच. एम. टी. तरी कोठे राहिली? खरे आहे. १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने बंगलोरला सुरू झालेला तो कारभार सरकारने २०१६ साली बंद करण्याचे ठरवले. पण कंपनी गेली तरी माझे घड्याळ चालू आहे. त्याला रोज सकाळी किल्ली लागते आणि चारपाच वर्षांनी भद्रकालीतला एक म्हातारा घड्याळजी लागतो, एवढेच. हुशार घड्याळाची कंपनी गेली, की त्याची हुशारीही पुष्कळशी तिच्याबरोबर जाते. आणि आतली बॅटरी तर त्याच्याही आधी म्हातारी होते.

म्हणून मी असा हिशेब मांडला. हे घड्याळ चार वर्षे नीट चालेल असे धरा. १८,००० रुपयांचे दिवसाला साधारण १२ रुपये पडतात. ज्याला त्या १२ रुपयांत रोज अर्धा तास चालायची शिस्त लागेल, औषधाची आठवण मिळेल, त्याला ते महाग नाही. पण हे भाडे झाले, खरेदी नव्हे. भाडे ज्याचे त्याने आपल्या गरजेप्रमाणे भरावे. सासऱ्याने जन्माची आठवण म्हणून द्यावी, अशी ही वस्तू नाही. हृदयाचा आलेख काढणारे महाग घड्याळ ज्याला डॉक्टरांनी सुचवले असेल त्याने अवश्य घ्यावे. नुसत्या लाल बदामासाठी मात्र १८,००० मोजू नयेत.

एवढे ठरल्यावर मला सुचले की ज्याच्या मनगटाची ही चर्चा चालली आहे त्याला कोणी काही विचारलेलेच नाही. सातपूरच्या कारखान्यात त्याची पहिली पाळी असते. फोनवर तो थोडा संकोचला आणि म्हणाला, “बाबा, मला फक्त पहाटे पाचला हिला न उठवता मला उठवील असं काहीतरी हवं आहे.” ते काम मनगटावर नुसते थरथरणारे ३,००० रुपयांचे घड्याळ उत्तम करते. ते मी घेऊन ठेवले आहे, दिसायलाही वाईट नाही.

मग विहीणबाईंना फोन केला. घड्याळाला काय कळते आणि काय कळत नाही ते सगळे सांगितले. आणि राहिलेल्या पैशांतून जावईबापूंची हृदयाची पुरी तपासणी करून घेऊ, घरात वडिलांचा इतिहास आहे तेव्हा ती एरवीही करायलाच हवी, असे सुचवले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मला वाटले, वाईट वाटले असेल. मग म्हणाल्या, “तारीख मिळाली की कळवा. मीही येईन.”

भाऊबीजेनंतरच्या सोमवारची तारीख मिळाली आहे. ती मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहून ठेवली आहे.