स्तनकर्करोगातील संप्रेरक-ग्राही : पूर्वानुमानाच्या निदर्शकाची चिकित्सा

प्रस्तावना :
स्तनाच्या कर्करोगात गाठीतील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राही तपासणे आज सर्वमान्य आहे. ग्राही असल्यास रोगाचे भवितव्य बरे, नसल्यास वाईट, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील देसाई व सहकाऱ्यांचा ७९८ गाठींचा अभ्यास इ. स. २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इस्ट्रोजेन-ग्राही ३२.६ टक्के, तर प्रोजेस्टेरॉन-ग्राही ४६.१ टक्के गाठींत आढळले. पाश्चात्त्य देशांतील प्रमाणाच्या मानाने पहिला आकडा फारच कमी आहे. भारतीय रुग्णांचे तुलनेने तरुण वय हे त्याचे एक कारण होय. तथापि, प्रोजेस्टेरॉन-ग्राही हे मुख्यतः इस्ट्रोजेन-ग्राहीच्या क्रियेतूनच निर्माण होतात. मग परिणाम कारणापेक्षा अधिक कसा ? किमान १३.५ टक्के गाठींत दुसरा ग्राही आहे आणि पहिला नाही, असा या आकड्यांचा अर्थ होतो. त्यांतील काही गाठींत पहिला ग्राही असूनही तपासणीत निसटला असावा, ही शंका रास्त ठरते.

ही शंका केवळ तात्त्विक नाही. उंद्रीसारख्या गावातील स्त्रीची गाठ एका ठिकाणी काढली जाते आणि तपासली जाते दूरच्या शहरात. ऊतक फॉर्मलिनमध्ये वेळेवर न पडल्यास ग्राही नष्ट होतात. २०१० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी त्यासाठी एक तासाची मर्यादा घातली, ऊतक ६ ते ७२ तास फॉर्मलिनमध्ये ठेवण्यास सांगितले आणि १ टक्का पेशी रंगल्या तरी गाठ ग्राहीयुक्त मानावी असे ठरविले.

पूर्वानुमान म्हणूनही हा निदर्शक मर्यादितच आहे. ग्राहीयुक्त रोगात पहिली पाच वर्षे बरी जातात. परंतु रोग उलटण्याचा धोका वीस वर्षांपर्यंत टिकतो. ग्राहीचे खरे मोल उपचार ठरविण्यात आहे. ग्राहीयुक्त रोगात पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यास या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. ग्राहीरहित रोगात हा लाभ नाही. म्हणजे चुकीचा 'नाही' हा शेरा रुग्णेला एका स्वस्त गोळीपासून वंचित करतो.

निष्कर्ष :
प्रत्येक अहवालात ऊतक फॉर्मलिनमध्ये किती काळ होते आणि किती टक्के पेशी रंगल्या, याची नोंद असावी. शोधनिबंधांतूनही जुने आकडे 'भारतीय स्त्रीच्या रोगाचे स्वरूप' म्हणून उद्धृत करण्यापूर्वी ते कोणत्या तपासणीतून आले, हे पाहणे अगत्याचे आहे.