‘ट्वेल्व्ह’ : वाचकांचे दोन तट

निक मॅकडोनेल यांची ‘ट्वेल्व्ह’ ही कादंबरी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. लेखनसमयी लेखकाचे वय होते अवघे १७. न्यूयॉर्कमधील धनाढ्य घरांतील मुलांचे नाताळ ते वर्षअखेर हे काही दिवस तीत चित्रित झाले आहेत. आईवडील बहुधा घराबाहेर आणि पैसा मात्र मुबलक. वाचकांत या कादंबरीविषयी दोन तट पडले. एकाला तिची तुटक, थंड वाक्ये त्या जगाचा अस्सल उच्चार वाटतात. दुसऱ्याला ती ब्रेट ईस्टन एलिस यांच्या ‘लेस दॅन झीरो’ (१९८५) या कादंबरीची उसनवारी वाटते. लेखकाचे वडील नामवंत संपादक आणि प्रकाशक कुटुंबाचे स्नेही, याचीही आठवण करून दिली जाते. हा आक्षेप पुस्तक छापले कसे गेले एवढेच सांगतो. त्याच्या वाङ्मयीन मूल्याशी त्याचा संबंध नाही.

उसनवारीच्या आरोपात तथ्य आहे, पण अर्धेच. एलिस यांचा क्ले स्वतःच नशेच्या आहारी गेलेला आहे. मॅकडोनेल यांचा व्हाइट माइक अमली पदार्थ विकतो; स्वतः मात्र मद्यालाही शिवत नाही. गिऱ्हाइकांच्याच वर्गातला, आईच्या मृत्यूने एकाकी झालेला हा मुलगा सारे शुद्धीत पाहतो. त्यामुळे निवेदनातील अलिप्तता ही येथे केवळ शैली राहत नाही. ती अपराधात सामील असलेल्याची अलिप्तता ठरते. दुर्दैवाने वर्षअखेरच्या मेजवानीतील गोळीबाराने हे सूत्र झाकोळते. बंदूक क्लॉड नावाच्या दुसऱ्याच मुलाच्या हाती आहे, आणि माइकने विकलेल्या मालाचा हिशेब तिच्या आवाजात मागे पडतो.