टिळकांची ख्रिस्तभक्तिपर कविता
नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्तप्रेमाने प्रेरित होऊन रचलेले अभंग, पदे व ‘ख्रिस्तायन’ हे आख्यानकाव्य. आजच्या गोंदिया जिल्ह्यातून जाणाऱ्या लोहमार्गाने नागपूरहून राजनांदगावास जात असता १८९३ मध्ये एका यूरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. त्यातील गिरिप्रवचनाने ते भारावले आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे त्यांच्या अभंगांतील ख्रिस्त हा माउली व सद्गुरू आहे. वारकरी संतांची आर्तता व सलगी तेथे सहज उतरते. भाषांतरित उपासनागीतांत क्वचितच आढळणारा हा जिव्हाळा होय. ख्रिस्तावरील प्रेम दीनांच्या सेवेतून इतरांस वाटले पाहिजे, हे त्यांच्या भक्तीचे दुसरे अंग. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास स्थापलेल्या ‘देवाचा दरबार’ या संघात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते.

प्रचाराचा हेतू बळावतो तेथे ही कविता उपदेशपर व पुनरुक्त होते. शिवाय प्रेमाचा हा मार्ग घरच्यांना सोपा नव्हता : धर्मांतरानंतर पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला आणि टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ बव्हंशी त्यांनीच पूर्णत्वास नेले (१९३८). वाटलेले प्रेम कसे रुजते, याची साक्ष या सहरचनेतच मिळते.