सोंगाड्याची संहिता : विनोदाचे स्थळ आणि विनोदकाराची घडण

मराठीतील विनोदविचार हा प्रामुख्याने वाक्याचा विचार आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून रूढ झालेली विनोदी लेखनाची परंपरा आणि न. चिं. केळकरांपासून गो. मा. पवारांपर्यंत झालेली तिची मीमांसा या दोहोंनी विसंगती, अतिशयोक्ती, कोटी, उपहास, विडंबन यांची सूक्ष्म चर्चा केली. परंतु विनोद कोठे उभे राहून केला जातो, तो ऐकणारे किती अंतरावर बसलेले असतात, हसू न आल्यास ते काय करतात आणि उद्या पुन्हा तेथेच उभे राहण्याची मुभा विनोदकाराला कोण देते, हे प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचे मानले गेले. परिणामी ज्याचा विनोद छापला गेला तो विनोदकार लेखक ठरला आणि ज्याचा विनोद केवळ उच्चारला गेला तो ‘हजरजबाबी’ ठरला. हजरजबाबीपणा हा गुण म्हणून सांगितला जातो खरा. वस्तुतः तो शब्द एका दीर्घ परिश्रमावर घातलेले पांघरूण आहे.

स्टँड-अप कॉमेडीच्या क्लबांनी हे पांघरूण पाश्चात्त्य जगात काहीसे दूर केले. बड फ्रीडमन यांचे न्यू यॉर्कमधील ‘इम्प्रूव्ह’ (१९६३), लॉस एंजेलिसचे ‘कॉमेडी स्टोअर’ (१९७२) आणि त्याच नावाचे लंडनच्या सोहो भागातील स्थळ (१९७९) यांची कीर्ती तेथून पुढे आलेल्या कलावंतांमुळे झाली; परंतु या स्थळांचे खरे कार्य अपयशाची सोय करणे हे होते. लंडनच्या रंगमंचावर कंटाळवाण्या वक्त्याला घंटानाद करून खाली उतरविले जाई. तो उतरे आणि पुढच्या वेळी तेच वाक्य दोन शब्द कमी करून पुन्हा आणी. विनोदाची संहिता येथे अशा रात्रींच्या थरांतून साचत जाते. या श्रमाचे मोल कोणी द्यायचे, हा प्रश्नही तेथेच उपस्थित झाला. लॉस एंजेलिसच्या विनोदकारांनी १९७९ साली मानधनासाठी संप केला, तेव्हा आपला क्लब ही शिकण्याची जागा आहे, कामाची नव्हे, अशी मालकीणबाईंची भूमिका होती. मराठी लोककलेच्या अभ्यासकाला ही भूमिका अपरिचित वाटू नये.

लंडनच्या या कॉमेडी स्टोअरची शाखा २०१० साली मुंबईत आली, ती लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात. गिरणी बंद पडून तेथे उभ्या राहिलेल्या झगमगाटात एक नवा, बहुतांशी इंग्रजी बोलणारा विनोद जन्माला आला, असे त्याचे वर्णन त्या वेळी झाले. ‘नवा’ या विशेषणाची तपासणी मात्र झाली नाही. तेथून जवळच, लालबागच्या हनुमान थिएटरात, एका पिढीपूर्वीचा गिरणी कामगार तिकीट काढून सोंगाड्याला ऐकत होता, आणि त्याचे न हसणे लंडनच्या घंटेपेक्षा कमी कठोर नव्हते.

हा श्रोता कोण होता, हे पाहण्यासाठी घाटमाथ्याकडे वळावे लागते. भोर तालुक्यातील उत्रोली किंवा पलीकडच्या वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील एखादे गाव घेतले, तर तेथील अनेक घरांचा एक पाय मुंबईत असतो. पोटासाठी गेलेला माणूस जत्रेला गावी परततो. जत्रेचा तमाशा ठरवायचा तर पश्चिम महाराष्ट्रातील गावकरी नारायणगावच्या राहुट्यांत जाऊन फडाला सुपारी देतात. फडमालक कलावंतांना उचल देऊन हंगामापुरते बांधून घेतो. रात्री वग होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी. या सर्व व्यवहारात सोंगाड्याला जे प्रेक्षक लाभतात ते एकमेकांना नावानिशी ओळखणारे असतात. सरपंच कोण, सोसायटीचे कर्ज कोणी थकविले, गेल्या निवडणुकीत कोण कोणाकडे फिरला, हे त्यांना ठाऊक असते आणि सोंगाड्याला ते संध्याकाळपर्यंत समजून घ्यावे लागते. बतावणीतील राजा त्या गावचा होतो तो अशा रीतीने. चार महिन्यांनी लालबागेत हाच प्रेक्षक त्याच सोंगाड्यासमोर येई, तेव्हा तो गावकरीही असे आणि कामगारही. जत्रेचे मैदान आणि गिरणगावचे थिएटर ही दोन स्थळे असली तरी त्यांचा श्रोतृवर्ग बऱ्याच अंशी एकच होता. क्लबमध्ये परस्परांना अनोळखी असलेली माणसे तासाभरासाठी समूह बनतात; येथे आधीच बनलेल्या समूहापुढे परका माणूस तासाभरासाठी आपला बनतो. दोन्ही ठिकाणचे हसू एका जातीचे नाही, आणि त्यातून घडणारा विनोदकारही एका जातीचा नसतो.

दादा कोंडके या नावाचा विचार या दुहेरी भूमीवर करावयास हवा. जन्म (१९३२) आणि वाढ नायगाव-लालबागच्या चाळींतली, घराणे मूळचे भोर संस्थानातील इंगवलीचे. बँडपथक, किराणा दुकानातील नोकरी आणि मग राष्ट्र सेवा दलाचे कलापथक, असा हा प्रवास आहे. कलापथक हे त्यातील निर्णायक स्थळ होय. पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’सारखे लोकनाट्य लिहून आणि वसंत बापटांसारख्यांनी संघटन करून सेवा दलाच्या कलापथकाला जे रूप दिले, त्यात तमाशाचा आराखडा राखून त्यातील शृंगार गाळण्याचा उपक्रम होता. साम्यवादी चळवळीत अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने (१९४४) त्यापूर्वीच वगाला राजकीय धार दिली होती. प्रबोधन हा दोन्हीकडचा जाहीर हेतू. परंतु निळू फुले, राम नगरकर आणि दादा कोंडके असे तीन परस्परभिन्न कलावंत एकाच पथकाच्या परिसरातून पुढे येतात, तेव्हा त्या हेतूखाली दुसरे काहीतरी चालले होते, हे मान्य करावे लागते. गावोगावच्या उघड्या मैदानांवर, वेगवेगळ्या बोलींच्या श्रोत्यांपुढे, मोबदल्याची फारशी अपेक्षा न ठेवता, तोच प्रवेश शंभरदा करून पाहण्याची ती सोय होती. चळवळीने कार्यकर्ते घडवायला काढलेल्या पथकात विनोदकार घडले, याबद्दल चळवळीने खंत करण्याचे कारण नाही.

‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्याच्या बाबतीत संहितेचा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. वसंत सबनीस यांनी मूळचा ‘छपरी पलंगाचा वग’ लिहिला. कोंडके यांनी स्वतःच्या पार्टीतर्फे तो रंगमंचावर आणला आणि त्याचे हजाराहून अधिक प्रयोग झाले. सबनीसांची बांधणी इतकी मोकळी आहे की प्रत्येक प्रवेशाच्या कडेला सोंगाड्यासाठी जागा सुटलेली दिसते. हे लेखकाचे औदार्य नव्हे, ही त्याची प्रकाराची जाण आहे. त्या जागा कोंडके यांनी भरल्या आणि रोज वेगळ्या भरल्या. छापील संहितेत त्या जागा आहेत, भरणी नाही. पाठनिश्चिती करणारा अभ्यासक हस्तलिखितांच्या पाठभेदांवर ग्रंथ लिहितो. ज्या संहितेचे हजार पाठभेद एका पिढीच्या श्रोत्यांच्या कानांवर पडले, तिच्याकडे मात्र तो ‘गंमत’ म्हणून पाहतो. या नाटकाचे श्रेय सबनीसांचे की कोंडक्यांचे, हा वाद म्हणूनच निरर्थक आहे. तिसरा कर्ता तेथे समोर बसलेला होता. कोणते वाक्य राहिले आणि कोणते गळाले, याचा निवाडा त्याने केला.

कायद्यालाही हा तिसरा कर्ता दिसत नाही. १९५४ साली स्थापन झालेल्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या व्यवस्थेत प्रयोगापूर्वी लिखित संहिता तपासली जाते. जे लिहिले आहे तेच बोलले जाईल, हे तिचे गृहीतक आहे. समीक्षेचे गृहीतकही नेमके तेच असावे, हा योगायोग मानणे कठीण आहे.

आशा भोसले यांच्या शिफारशीवरून भालजी पेंढारकरांनी कोंडके यांना ‘तांबडी माती’त (१९६९) घेतले आणि १९७१ साली ‘सोंगाड्या’ आला. सबनीसांच्याच लेखणीतून उतरलेला, आईच्या धाकातला नाम्या तमाशाच्या ओढीने घराबाहेर पडतो आणि प्रेक्षकाचा सोंगाड्या होतो. विनोदकाराच्या घडणीची हीच तर कथा आहे. या चित्रपटात रंगमंच अद्याप जिवंत आहे; नाम्याचा भोळेपणा प्रेक्षकाच्या साक्षीने उभा राहतो. पुढील चित्रपटांबद्दल असे म्हणता येत नाही. त्यांच्या रौप्यमहोत्सवांची गिनीज बुकात नोंद झाली, त्यांतील श्लेषांवर अश्लीलतेचा आक्षेप आला आणि त्या आक्षेपाला जनतेच्या रसिकतेचे उत्तर दिले गेले. दोन्ही बाजूंनी पुन्हा वाक्याचीच चर्चा केली. खरा फरक स्थळाचा होता. द्व्यर्थी वाक्याचा दुसरा अर्थ रंगमंचावर श्रोता पुरवितो. तो हसला की सोंगाड्या दचकल्यासारखा पाहतो आणि दोष श्रोत्याच्या पदरात पडतो. लबाडी दोघांची असते. पडद्यावर हसणाऱ्याची वाट पाहता येत नाही. म्हणून थांबण्याची लांबी आधीच ठरवावी लागते, सूचक कटाक्ष कॅमेऱ्याला द्यावा लागतो, आणि भोळेपणा हा मुखवटा न राहता अर्धी चड्डी व लोंबती नाडी यांचा गणवेश होतो. अश्लील असण्यापेक्षा एकटे असणे, हा या उत्तरकालीन विनोदाचा दोष आहे.

निळू फुले यांचा मार्ग निराळा. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यातून ते ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटात गेले आणि सोंगाड्याची लय त्यांनी खलनायकाच्या बोलण्यात वापरली. त्याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. येथील विवेचनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहेत ते राम नगरकर. स्टँड-अपचे व्यवच्छेदक लक्षण म्हणून जे सांगितले जाते, म्हणजे पात्राची ओट न घेता ‘मी’ म्हणून उभे राहणे आणि स्वतःचे जगणे विनोदाला देणे, ते मराठीत ‘रामनगरी’ने केले. पु. ल. देशपांडे १९६१ पासून ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने सादर करीत होते. परंतु त्यातील निवेदक चाळीचा इतिहासकार असतो, त्याचे स्वतःचे काही पणाला लागलेले नसते. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एक नट बावन्न पात्रे उभी करतो, म्हणजे तेथेही ‘मी’ पात्रांच्या गर्दीत विरतो. नगरकर नाभिक समाजातील आपले बालपण, धंदा आणि कलापथकात वावरताना आलेले अनुभव सांगतात, आणि सांगतात ते बव्हंशी ज्यांच्या दाढ्या त्या धंद्याने केल्या अशा वर्गापुढे. त्यांच्या विनोदात तक्रारीचा सूर नाही, म्हणून तो निरुपद्रवी मानला गेला. वास्तविक, प्रेक्षकाला स्वतःवर हसण्याचा परवाना देता देता त्याच्या हसण्यातला वरचष्मा त्याच्याच लक्षात आणून देणे, ही त्यातील कारागिरी आहे. हसून झाल्यावर येणारी ती किंचित अडचण पुस्तकाच्या पानावर पुरेशी जाणवत नाही. समीक्षेने ‘रामनगरी’ आत्मकथनांच्या कपाटात ठेवली, ही तिची सोय झाली. एकपात्री प्रयोग हे मूळ आणि पुस्तक ही त्याची एक प्रत, असा उलट विचार करून पाहिला असता तर मराठीतील आत्मपर विनोदाचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता.

गेल्या दशकात मराठी स्टँड-अपला जी चालना मिळाली, तिच्यात २०१६ साली सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी सुरू केलेल्या ‘भाडिपा’चा वाटा मोठा आहे. त्याआधीच ‘फू बाई फू’ व ‘चला हवा येऊ द्या’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमांनी नटांना घराघरांत पोहोचविले होते; पण तेथे लेखक, दिग्दर्शक आणि परीक्षकांची किंवा पाहुण्यांची खुर्ची असते, आणि पडण्याची मुभा जवळजवळ नसते. ओपन माइकने ती मुभा परत आणली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. पाच मिनिटे, पंधरा-वीस श्रोते, त्यांतील निम्मे आपल्या पाळीची वाट पाहणारे विनोदकारच. कलापथकाच्या तालमीशी याचे नाते जवळचे आहे.

दोन गोष्टी मात्र पालटल्या आहेत. सोंगाड्याची बतावणी गावोगाव फिरे, म्हणून तीच सामग्री वर्षानुवर्षे वाढविता येई. आजच्या विनोदकाराची कारकीर्द क्लबमध्ये घडते पण चित्रफितीतून उभी राहते, आणि चित्रफीत प्रसृत होताच ती सामग्री रंगमंचावरून बाद होते. हजार पाठभेदांची शक्यता एका पाठावर थिजते. दुसरी गोष्ट श्रोत्यांची. मराठी स्टँड-अपचा ‘मी’ बहुधा पुण्या-मुंबईचा, शिकलेला, नोकरदार किंवा नोकरी सोडलेला असतो; त्याचे गाव त्याच्या विनोदात आजोळ म्हणून, सुट्टीपुरते येते. उत्रोलीच्या जत्रेत तो उभा राहिला तर काय होईल, याचा अंदाज बांधण्याची गरज त्याला पडलेली नाही, कारण तेथील तरुणही त्याला मोबाइलवर पाहतो आणि पसंत न पडल्यास बोटाने पुढे सरकतो. सोंगाड्याला तो गप्प बसलेला दिसला असता. या विनोदकाराला तो दिसतच नाही.

स्थळाचे महत्त्व समीक्षेला उमगले नसले तरी इतरांना ते नेहमीच उमगत आले आहे. १९७१ साली दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाने ‘सोंगाड्या’ला जागा नाकारली तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांच्या शिवसेनेने चित्रपटगृहापुढे ठाण मांडून ती मिळवून दिली. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या एकनाथ शिंदे यांच्यावरील विडंबनगीतावरून शिंदे यांच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मुंबईत खार येथील ‘हॅबिटॅट’ या स्थळाची मोडतोड केली आणि स्थळचालकांनी दार बंद करीत असल्याचे जाहीर केले. गीत तोवर चित्रफितीच्या रूपाने सर्वत्र पोहोचलेले होते. मोडल्या गेल्या त्या खुर्च्या. त्याच रंगमंचावर दर आठवड्याला पहिल्यांदा माइक हाती धरणाऱ्या, कोणालाच ठाऊक नसलेल्या मुलामुलींची यादी लागत असे, याची दखल त्या गदारोळात फारशी कोणी घेतली नाही.