कवटी पांढरी करण्याआधी

आमच्या मेढ्यात मुंडी भिंतीवर जात नाही, पातेल्यात जाते. खाटकाकडून आणायची, जाळावर भाजायची, जळके केस सुरीने खरवडायचे, सत्तूरने फोडायची, भेजा वेगळा ठेवायचा. जेवणानंतर ताटाच्या कडेला उरलेले तुकडे जुळवून कुणी कवटी दिवाणखान्यात मांडलीय, असं मी तरी पाहिलेलं नाही. हरणाची कवटी साफ करून घरात लावायची हौस आमच्याकडे आली ती मोबाईलमधून.

हे व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले. तिथे परवाना काढून हरणाची शिकार करता येते, त्यामुळे कवटी ‘फिनिश’ करणं हा तिथला सरळसाधा घरगुती उद्योग आहे. गेल्या वर्षी मी असे पंधरा-वीस व्हिडिओ सलग पाहिले. गोष्ट सगळ्यांची एकच. सुरुवातीला रक्तामांसाचं डोकं, शेवटी लाकडी फळीवर पांढरीशुभ्र कवटी आणि मागे गिटार. मधले आठवडे कापलेले. खरं काम त्या कापलेल्या आठवड्यांतच असतं. डोकं कोमट पाण्यात बुडवून ठेवायचं, म्हणजे मांस जिवाणू खातात. वास इतका, की शेजारी विचारायला येतात. उकळायचं नाही, कारण त्याने चरबी हाडात मुरते, पुढे हाड पिवळं पडतं, सांधे सुटतात. मग भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात अनेक दिवस ठेवून चरबी काढायची. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड. ब्लीच वापरायचं नाही, त्याने हाड खडूसारखं भुसभुशीत होतं.

इथवर मला या कामाबद्दल आदरच वाटला. घाई न करता केलेलं कुठलंही काम बघायला बरं वाटतं. खटकलं ते पुढचं. पेरॉक्साइड शिंगांना लागू द्यायचं नसतं, नाहीतर तीही पांढरी होतात. हरणाचं शिंग म्हणजे मुळात हाडच. त्याचा तपकिरी रंग येतो तो झाडांच्या साली घासून, सालीतला रस मुरून. तो उडाला तर? मग लाकडाला देतात ते पॉलिश लावून पुन्हा तपकिरी करायचं! एका व्हिडिओत एक गृहस्थ छोट्या ब्रशने हे इतक्या मायेने करत होते, की मला हसावं की काय ते कळेना. जनावराने दोन-चार महिने झाडांना घासून मिळवलेला रंग आपण बादलीत घालवायचा आणि डब्यातून परत आणायचा.

दुसरी गोष्ट नाकाची. हरणाच्या नाकपोकळीत कागदाच्या सुरळीसारखी अतिशय पातळ हाडं असतात. त्या सुरळ्यांमुळे आतल्या ओलसर अस्तराला पसरायला जागा मिळते. तिथेच श्वासाची हवा ऊबदार होते, आणि त्यांच्या मागच्या भागात वास कळतो. हरणाचं निम्मं जगणं या नाकावर चालतं. साफ करताना ही हाडं पहिली जातात. पाण्याचा जोरदार फवारा मारला, की चुरा होऊन बाहेर येतात आणि व्हिडिओवाला म्हणतो, आता स्वच्छ झालं. म्हणजे भिंतीवर जे चढतं त्यात हरणातलं सगळ्यात हरीणपण असलेलं काहीच उरत नाही. उरतात ती शिंगं. तीही मोजण्यासाठी.

हे सगळं मी कदाचित कधी लिहिलं नसतं. पण पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी माझा एक मित्र सिमेंटची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. आत भेकराची कवटी. वरच्या डोंगरात गुरांमागे गेला होता, तिथे सापडली. ‘तू ते व्हिडिओ बघतोस ना, आता करून दाखव,’ म्हणाला.

आम्ही ती रात्रभर पाहिली. भेकर ओळखायला सोपं. कपाळावरून शिंगांपर्यंत हाडाच्या दोन कडा चढत जातात, शिंग लहान आणि ज्या खुंटावर ते बसतं तो खुंटच लांब. नराला वरच्या जबड्यात बाहेर डोकावणारे सुळे. पुढचे वरचे दात नाहीतच, गाय-बकरीला नसतात तसे. डोळ्यांच्या पुढे दोन खोल खळगे, तिथे गंधग्रंथी असतात. दाढा झिजून जवळजवळ सपाट झालेल्या, म्हणजे म्हातारं जनावर. आणि एका शिंगावर, खुंटाजवळ, शेजारी शेजारी सरळ चरे. आधी वाटलं कोयता लागला असेल. ते सायाळीचे दात होते. सायाळ हाडं आणि शिंगं कुरतडते, तिला त्यातले क्षार हवे असतात. मातीचा डाग एकाच गालावर होता. म्हणजे कवटी बरेच दिवस त्याच कुशीवर पडलेली.

या सगळ्यातलं काय उरलं असतं साबण, पेरॉक्साइड आणि पॉलिशपेपरनंतर? दाढा उरल्या असत्या. बाकी आपणच पुसलं असतं, आणि त्याला सफाई म्हटलं असतं.

कोल्हापूरचा न्यू पॅलेस पाहिलेल्यांना हे प्रकरण नवं वाटणार नाही. तिथल्या शहाजी छत्रपती संग्रहालयात शिकारीत मारलेल्या जनावरांची मुंडकी भिंतीवर आहेत, पेंढा भरलेले वाघ आहेत. शाळेच्या सहलीत मी तिथे घाबरलो होतो, मोठेपणी गेलो तेव्हा कंटाळलो. कंटाळ्याचं कारण आता कळतं. ती मुंडकी जनावरांविषयी बोलतच नाहीत, बंदुकीविषयी बोलतात. काचेचे डोळे सगळे एकाच दिशेला. त्या मानाने बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2009मध्ये सुरू झालेलं केंद्र मला जास्त प्रामाणिक वाटतं. पशुवैद्यक डॉ. संतोष गायकवाड तिथे मेलेली जनावरं वन विभागाच्या परवानगीने पेंढा भरून जतन करतात. शिकारी मधून गेला, की तेच कसब अभ्यासाचं होतं. तरीही दिवाणखाना तो दिवाणखानाच. तिथे कुठलीही कवटी पाहुण्यांसाठी असते.

आणि हरणाची तर आपल्याकडे असूच शकत नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे मेलेलं सापडलेलं वन्य जनावर आणि त्याची कवटी, शिंगं, कातडं सरकारच्या मालकीचं. हाती आलं तर 48 तासांत पोलिसांना किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं. जुन्या वाड्यांत दिसतात त्यांनाही मालकीचा दाखला हवा, आणि ती विकता येत नाहीत. ‘मी मारलं नाही, मला सापडलं’ हे उत्तर चालत नाही. ते बरोबरच आहे. सापडलेली कवटी चालते म्हटल्यावर दर आठवड्याला कुणाला ना कुणाला कवटी सापडेल. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून 2010मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाला हवीत सांबर आणि भेकरं, आणि ती आमच्या डोंगरांत आधीच मोजकी.

सकाळी आम्ही वनरक्षकाला फोन केला. तो आला, पंचनामा झाला, पिशवी गेली. मित्र आठवडाभर बोलला नाही. खरं सांगायचं तर मलाही ती द्यावीशी वाटत नव्हती. रात्री दोन वाजता शिंगावरच्या चऱ्यांवरून बोट फिरवताना ‘कुणाला कळणार आहे’ हा विचार माझ्याच डोक्यात आधी आला होता.

अशा वेळी व्यंकटेश माडगूळकर आठवतात. ते सांगलीकडचे, आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. तरुणपणी बंदूक घेऊन हिंडलेले, आणि पुढे वही-पेन्सिल घेऊन जंगलात बसलेले. वानरांच्या टोळ्यांवरच्या ‘सत्तांतर’ला 1983चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडे हरकत घ्यावी असंही आहे, त्यांच्या रानात माणसं कधी कधी फार शहाणी असतात. पण जनावर कसं बसलं, कुठे वळलं, हे ते शिकाऱ्याच्या नजरेने टिपतात आणि तिथेच सोडून देतात. हातात काही घेऊन परतण्याची सवय सुटलेला शिकारी मराठीत दुसरा चटकन आठवत नाही.

माझी हौस मी बकऱ्यावर भागवली. खाटकाला म्हटलं, मुंडी फोडू नको. तो म्हणाला, ‘मग भेजा कसा खाणार?’ गच्चीवर बादलीत पाच आठवडे गेले. आईने मधल्या काळात गच्चीवर वाळवण घालणं बंद केलं, आणि त्याबद्दल ती अजून बोलते. चौथ्या आठवड्यात शिंगांची टरफलं हातात निघून आली. बकऱ्याचं शिंग हरणासारखं भरीव नसतं, आत हाडाचा खुंट आणि वर नखासारखं कवच. कवच गळून नवं येत नाही, जन्मभर तेच. मराठीत आपण दोन्हींना शिंगच म्हणतो.

पेरॉक्साइड मी वापरलं नाही. फवाराही मारला नाही, नाकात मऊ ब्रशने आणि पाण्याच्या धारेने जमेल तेवढंच केलं. कवटी पिवळसर आहे, एका डोळ्याच्या खोबणीपाशी डाग राहिलाय. खिडकीत ठेवलीय. उन्हं आली, की नाकातल्या सुरळ्यांतून उजेड आरपार दिसतो. मित्र परवा आला, बराच वेळ वाकून तेच बघत होता. मग म्हणाला, ‘भेकराच्या नाकात होत्या का रे ह्या?’ आम्ही त्या रात्री तिथे पाहिलंच नव्हतं.