कुंभारकन्येला लेखक हवा

मराठीत अलौकिक प्रेमकथेला सध्या बहर आला आहे आणि त्याचा आनंद होण्याऐवजी चीड येते. प्रतिलिपीसारख्या ॲपवर क्रमशः चालणाऱ्या कादंबऱ्या घ्या किंवा कानांनी ऐकायच्या मालिका घ्या. नागकुमार, यक्ष, गंधर्व, शापित सरदार यांची तिथे रीघ लागलेली असते. पण थोडं वाचलं की कळतं, माणूस एकच आहे. देखणा, गडगंज, तुसडा, शेकडो वर्षं एका मुलीसाठी थांबलेला आणि ती भेटताच तिच्यावर हक्क सांगणारा. २००५ साली आलेल्या स्टेफनी मेयरच्या ‘ट्वायलाइट’मधल्या रक्तपिपासू नायकाचा हा अवतार, त्याच्या गळ्यात आपल्याकडे रुद्राक्ष घातला एवढंच. लोककथेतून या लेखकांनी नावं उचलली, पण तिचा प्राण मागेच राहिला. लोककथेत माणूस आणि अमानुष यांची गाठ पडते ती अटीवर, आणि त्या अटीची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. नव्या कथांत अटही नाही आणि किंमतही नाही.

खंडोबा आणि बाणाईची कथा सर्वांना ठाऊक आहे. पत्नी म्हाळसेशी सारीपाटात हरलेला देव जेजुरी सोडतो आणि धनगराच्या वाड्यावर गडी म्हणून राबतो. मेंढरं धुवायला नेतो आणि दगडावर आपटून मारून टाकतो. ती परत जिवंत करीन, पण तुमची मुलगी बाणाई मला द्या, ही त्याची अट. यातला देव लबाड आहे आणि प्रेमासाठी चाकरीही करतो आहे. पुढे दोन सवतींचं भांडण लागतं, त्यात वाणी आणि धनगर यांच्या चालीरीती त्यांच्या तोंडून एकमेकींचं उणंदुणं काढतात. ते भांडण आजही मिटलेलं नाही: जेजुरीच्या गडावर म्हाळसा देवाशेजारी आहे आणि बाणाईचं देऊळ अर्ध्या वाटेवर. जात, काम, घर, हक्काची जागा हे सगळं एका प्रेमकथेत मावतं, हे वाघ्या-मुरळींना कुणी शिकवावं लागलं नाही. ‘जय मल्हार’ (२०१४-१७) ही मालिका याच त्रिकोणावर जवळपास तीन वर्षं चालली, तेव्हा प्रेक्षकाला हे पेलत नाही असं म्हणायची सोय उरलेली नाही.

सोलापुरात तर याहून मोठी कथा दरवर्षी सर्वांच्या डोळ्यांदेखत घडते. संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्याजवळ अक्षता पडतात त्या कुंभारकन्येच्या लग्नाच्या. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या साधनेच्या जागी ती रोज सडा-रांगोळी करी, अशी आख्यायिका आहे. लग्नाची इच्छा तिने स्वतः बोलून दाखवली. शिवयोग्याने नकार दिला, पण आपल्या योगदंडाशी विवाह करायला संमती दिली. त्या योगदंडाचं प्रतीक असलेले सात उंच नंदीध्वज पांढऱ्या बाराबंदीतले भक्त पेलून आणतात. अक्षतांच्या पाठोपाठ होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून नवरीसारखं सजवतात, आणि ती पेंढी अग्नीच्या स्वाधीन होते. काल जिच्यावर अक्षता टाकल्या, तिलाच आज जळताना पाहायचं! विचारणारी ती, नाकारणारा तो, दोघांचा मान राखणारी एक विलक्षण तडजोड आणि तिच्यामागे आग. दंडाशी लग्न झालेल्या त्या मुलीने पहिल्या रात्री काय केलं असेल? घरच्यांनी तिला काय विचारलं असेल? ज्या भाषेत रोज नवा नागकुमार जन्माला येतो, त्या भाषेत हे प्रश्न घेऊन बसलेली एक भक्कम कादंबरी मला दिसत नाही.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी भयाचे उस्ताद होते. प्रीती हा त्यांचा प्रांत नव्हे. ‘मुंज्या’ चित्रपटाने लग्नाची आस धरून मेलेल्या पोराचं दुःख हशात उधळलं. शेजारच्या भाषांत मात्र हे काम झालं आहे. गिरीश कार्नाडांच्या ‘नागमंडल’मधली राणी भर पंचायतीत नाग हातात धरून दिव्य करते, तेव्हा तिच्या पातिव्रत्याची व्याख्याच उलटीपालटी होते. विजयदान देथांच्या ‘दुविधा’तलं भूत नवऱ्याचं रूप घेऊन येतं, पण नववधूला आधी खरं सांगतं आणि निवड तिच्यावर सोपवतं. शेवटी त्याला मशकीत कोंडलं जातं आणि तिला त्याच घरात दिवस काढावे लागतात. मणी कौलांनी १९७३ साली ही कथा पडद्यावर आणली तेव्हा तो काच शाबूत ठेवला. अमोल पालेकरांच्या ‘पहेली’त (२००५) भूत नवऱ्याच्या देहात शिरतं आणि सगळं गोड होतं. कथा तीच, पण किंमत काढून घेतल्यावर तिचं काय उरतं, याचा याहून स्वच्छ पुरावा नको.

लोककथा बदलतच असते, मग लेखकाने बदलली तर काय बिघडलं, असं विचारलं जातं. बदलावी की! वाघ्या गावाचं नाव बदलतो, नात्यातली माणसं वाढवतो, समोरच्या श्रोत्यांना हसवतो; पण मेंढरं मेलीच नाहीत असं तो सांगत नाही. श्रद्धा दुखावतील ही भीती त्याहून खोटी आहे. देवाच्या जागरणातच देवाची लबाडी गायली जाते आणि पंढरपूरच्या वाटेवरच्या कुणालाही रुसून दिंडीरवनात गेलेली रखुमाई सांगता येते. श्रद्धेला ओरखडा उठतो तो आळसाने, अभ्यास न करता देवांना मदनाचे पुतळे बनवल्याने. राहिला दमूनभागून वाचणाऱ्या बाईच्या विरंगुळ्याचा मुद्दा. तो खरा आहे आणि त्याला हिणवण्याचा मला अधिकार नाही. पण स्वतःहून मागणं घालणाऱ्या मुलीला काय सोसावं लागतं हे त्या वाचकाला लेखकापेक्षा जास्त ठाऊक असतं. तिला पाचशे वर्षं वाट पाहणारा मालक देऊन तिची समजूत काढणं हा तिच्या बुद्धीचा अपमान आहे.

म्हणून नव्या लेखकांना विनंती आहे. रा. चिं. ढेरे यांचं ‘खंडोबा’ वाचा, एका जागरणाला पहाटेपर्यंत बसा, येत्या संक्रांतीला सोलापुरात अक्षता आणि होम दोन्ही पाहा, आणि मगच पहिलं प्रकरण लिहायला घ्या.