स्थलांतरितांच्या जीवनकथा आणि त्यांची बोली

नीरा आडारकर व मीना मेनन यांनी मुंबईच्या गिरणगावातील कामगारांच्या तोंडून मिळविलेल्या जीवनकथांचा ग्रंथ २००४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. शंभर वर्षे, शंभर आवाज, असा त्याच्या नावाचा आशय आहे. १९८२ च्या संपाविषयी आकडे व अहवाल यांचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा होता तो कोकणातून व घाटावरून आलेल्या माणसाच्या स्वतःच्या कथनाचा. गावकीच्या एकाच खोलीत पाळीपाळीने निजणारे पुरुष, त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया, शाहीर, संघटनेचे कार्यकर्ते, असे हे जग आहे. पुढील आक्षेप या कार्याचे मोल मान्य करूनच घ्यावयाचा आहे.

आवाज शंभर असले, तरी छापील पृष्ठावर भाषा एकच उरते. मालवणकडचा मनुष्य 'माका' म्हणतो, साताऱ्याकडचा 'मला'. इंग्रजी वाक्यात दोघेही सारखेच होतात. हा केवळ रंग उडाल्याचा प्रश्न नव्हे. स्थलांतरिताच्या बाबतीत बोली हाच पुरावा असतो. मुंबईच्या गिरणीत उमेद घालवून उंद्रीस परतलेल्या एका वृद्ध गृहस्थांचे कथन प्रस्तुत लेखकाने ध्वनिमुद्रित केले. शेत, आई, दुष्काळ यांविषयी बोलताना ते 'मले' म्हणत. जॉबर व साचेखाते यांचा विषय निघाला की 'मला'. गाव सुटल्याचे दुःख त्यांनी शब्दांनी कोठेही सांगितले नाही. ते विभक्तिप्रत्ययात होते. आणि माझ्या टिपणात मात्र सर्वत्र 'मला'! बोली 'सुधारून' घेण्याची खोड एकट्या अनुवादकाचीच असते असे नाही.

तुलनेसाठी हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी जमविलेला जात्यावरील ओव्यांचा संग्रह पाहावा. लाखाहून अधिक ओव्या तेथे बायांच्याच शब्दांत नोंदल्या गेल्या. ओवीला छंदाचे संरक्षण असते, हे खरे. गद्य कथनाला ते नाही, म्हणूनच संपादकाची जबाबदारी वाढते. अनुवाद अवश्य व्हावा. परंतु मूळ बोलीतील संहिता ध्वनिमुद्रणासह अभ्यासकास उपलब्ध असावी, आणि तिची एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी जावी. उंद्रीच्या त्या गृहस्थांना टिपण वाचून दाखविले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "हे माह्यं नाही वाटून राह्यलं." ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले, ते त्यानंतर.